नॅन्सी ड्रू कशी वाचावी: प्रत निवडण्यापासून वही भरेपर्यंत

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांसाठी जी झुंबड उडते, तिच्यातून वाट काढत मी एकदा जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात शिरले आणि दहावीच्या गाइडांच्या थप्पीखालून पिवळ्या कण्याचे एक पुठ्ठाबांधणीचे पुस्तक ओढून काढले. नॅन्सी ड्रू या किशोरवयीन मुलगी-गुप्तहेराच्या अमेरिकी रहस्यकथा-मालिकेतील ते पुस्तक माझ्या बारा वर्षांच्या भाचीसाठी हवे होते. घरी आल्यावर तिने उत्साहाने पहिले पान उलटले, तर आधीच्या कोणा वाचकाने शीर्षकाखालीच निळ्या शाईने गुन्हेगाराचे नाव लिहून त्याखाली दोन ठळक रेघा ओढून ठेवल्या होत्या. "मावशी, आता काय वाचायचं यात?" असे म्हणून तिने ते पुस्तक बाजूला टाकले. पुढे पावसाची झड लागली, बाहेर जाता येईना, आणि हाताशी दुसरे काही नाही म्हणून तिने तेच पुन्हा उघडले. संध्याकाळी ती एक पान बोटाने धरून माझ्याकडे आली. "हा माणूस पहिल्यांदा भेटतो ना, तेव्हाच तो घाईत असतो. कसली घाई ते सांगितलेलंच नाही बघ." नाव आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार याच्यामागे तिला धावायचे नव्हते, त्यामुळे खुणा कुठे पेरल्या आहेत हे तिला दिसू लागले होते.

या मालिकेच्या वाचनाविषयी मला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ त्या दुपारीच आहे. ही पुस्तके एका बैठकीत संपावीत अशाच बेताने रचलेली आहेत, आणि तशी वाचली तर आठवडाभरात विसरलीही जातात. वेग कुठे आवरायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे ठरवून वाचले, तर मात्र त्यांच्यातून रहस्यकथेची जुळणी उघड्यावर दिसते, आणि ती एकदा दिसली की पुढे कोणतीही रहस्यकथा वाचताना नजर वेगळी राहते. पुढील सूचना मुख्यतः दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसोबत वाचणाऱ्या मोठ्यांसाठी आहेत. लहानपणी वाचलेली नॅन्सी पुन्हा हाती घेऊ पाहणाऱ्यांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

लेखिका कोण, हे आधी समजून घ्यावे

मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे नाव असते. या नावाची लेखिका कधीच नव्हती. एडवर्ड स्ट्रॅटमायर हे अमेरिकेतील मुलांच्या मालिकांचे मोठे व्यावसायिक होते. त्यांच्या संस्थेत कथानकाचा आराखडा तयार होई, तो एखाद्या लेखकाकडे लिहायला दिला जाई, आलेल्या हस्तलिखितावर संस्थेत हात फिरवला जाई आणि पुस्तक ठरलेल्या टोपणनावाने बाजारात येई. १९२७ मध्ये सुरू झालेली हार्डी बॉइज ही मुलगे-गुप्तहेरांची मालिका चांगली चालल्यावर त्यांनी मुलींसाठी तशीच मालिका योजली आणि तिची पहिली तीन पुस्तके २८ एप्रिल १९३० रोजी एकदम प्रसिद्ध झाली. त्यानंतर बाराच दिवसांनी स्ट्रॅटमायर वारले. आपण उभी केलेली ही मुलगी पुढे कुठवर गेली, हे त्यांना कळलेच नाही.

पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस पुस्तके मिल्ड्रेड वर्ट या आयोवा राज्यातील तरुण पत्रकार स्त्रीने लिहिली. सुरुवातीला एका पुस्तकाचे १२५ डॉलर तिला मिळत. हक्क संस्थेकडे राहत आणि आपण लेखिका आहोत हे तिने बाहेर सांगायचे नाही, असा करार असे. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात प्रकाशकांमधील एका दाव्यात तिची साक्ष झाली, तेव्हा कुठे ही गोष्ट ठळकपणे जगापुढे आली. वडील स्ट्रॅटमायर यांच्या पश्चात संस्था सांभाळणाऱ्या हॅरिएट अ‍ॅडम्स यांनी नंतरची अनेक पुस्तके स्वतः लिहिली आणि जुन्या पुस्तकांचे पुनर्लेखनही त्यांच्याच देखरेखीखाली झाले. मधली तीन पुस्तके, आठवे ते दहावे, वॉल्टर कॅरिग या पुरुष लेखकाची आहेत.

हा इतिहास केवळ माहिती म्हणून सांगत नाही. तो ठाऊक असला की एका पुस्तकातील नॅन्सी बेधडक आणि फटकळ, तर दुसऱ्यातील सुशील आणि समंजस का वाटते, याचे कोडे वाचकाला पडत नाही. मुलांना तर ही कारखान्याची गोष्ट मूळ रहस्यांइतकीच आवडते. आराखडा कोणी केला असेल आणि वाक्ये कोणाची असतील, हा तर्क करणे हीसुद्धा एक गुप्तहेरीच आहे.

हातातली प्रत जुनी की सुधारलेली, हे कसे ओळखावे

वाचण्यापूर्वी करायचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, आणि बहुतेक वाचक ते करत नाहीत. १९५९ पासून या मालिकेतील पहिल्या चौतीस पुस्तकांचे टप्प्याटप्प्याने पुनर्लेखन झाले. काही पुस्तके नुसती आटोपशीर केली गेली, काहींत पात्रे आणि प्रसंग बदलले, आणि काहींत तर शीर्षक जुने ठेवून आत संपूर्ण नवी कथा घातली गेली. त्यामुळे एकाच नावाची दोन पुस्तके वाचून दोन मैत्रिणी कथानकावरून वाद घालत बसल्या, तर दोघीही बरोबर असू शकतात.

पिवळ्या कण्यावर विसंबू नये. तो कणा १९६२ पासून आला आणि त्या वेळी ज्या पुस्तकांचे पुनर्लेखन व्हायचे होते, त्यांचा जुनाच मजकूर काही काळ पिवळ्या वेष्टनात विकला गेला. खात्रीची खूण अनुक्रमणिकेत असते. १९३० च्या दशकातील पुस्तकांच्या बाबतीत प्रकरणे पंचवीस असतील तर मजकूर मूळचा, आणि वीस असतील तर सुधारलेला. सुधारलेली पुस्तके साधारण १८० पानांची असतात. त्याशिवाय प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानावर दोन वर्षे दिलेली असतील, तर त्यांतले दुसरे वर्ष बहुधा पुनर्लेखनाचे असते. १९९१ पासून एका अमेरिकी प्रकाशकाने मूळ पुस्तकांच्या हुबेहूब आवृत्त्या काढल्या आहेत. जुना मजकूर हवा असेल आणि जुनी प्रत मिळत नसेल, तर त्या शोधाव्यात.

आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि पदपथांवर अमेरिकी प्रतींबरोबर आर्माडा या ब्रिटिश प्रकाशनाच्या छोट्या कागदी बांधणीच्या प्रतीही सापडतात. त्यांच्यावरील क्रमांक अमेरिकी क्रमांकांशी जुळत नाहीत, म्हणून शीर्षक पाहून घ्यावे, आकडा पाहून घेऊ नये. आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या अनुभवातून शिकले. आमच्या भागातल्या एका वाचनालयातून लहानपणी आणलेल्या पुस्तकाची शेवटची आठ पाने नव्हती आणि ते मला पान क्रमांक १७२ वर आल्यावर रात्री अकरा वाजता कळले. तेव्हापासून मी रहस्यकथा घेताना आधी शेवटचे पान चाचपून पाहते, अर्थात नजर दुसरीकडे वळवून.

मूळ वाचावे की सुधारलेले

दोहोंतला फरक किती आहे, हे पहिल्याच पुस्तकावरून दिसेल. 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक' या पुस्तकाची १९३० ची आवृत्ती घरात, वडील आणि मुलगी यांच्या संभाषणाने सुरू होते. जोसाया क्रॉली नावाचा वृद्ध गृहस्थ वारला आहे, त्याचा पैसा टॉपम या श्रीमंत आणि गर्विष्ठ कुटुंबाला मिळणार आहे, आणि सोळा वर्षांच्या नॅन्सीला ते पटत नाही. वकील असलेले वडील तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात. १९५९ च्या आवृत्तीत मात्र नॅन्सी अठरा वर्षांची आहे, नव्या निळ्या मोटारीतून निघाली आहे, आणि पहिल्या काही पानांतच रस्त्यावर एका लहान मुलीवर संकट येते. पहिल्या सुरुवातीत अन्यायाची चीड आहे आणि दुसरीत धडपड. जुन्या आवृत्तीतली नॅन्सी मला अधिक खरी वाटते, परंतु बारा वर्षांच्या वाचकाला पुस्तकात ओढून नेण्याचे काम दुसरी सुरुवात अधिक चोख करते, हेही कबूल करायला हवे. वय अठरा केल्यामुळे ती आपल्या आरटीओच्या नियमातही बसते, ही जाता जाता झालेली सोय.

दुसऱ्या पुस्तकात, 'द हिडन स्टेअरकेस' मध्ये, मूळची नॅन्सी एका गूढ वाड्यात राहायला जाताना वडिलांचे रिव्हॉल्व्हर बरोबर घेते. पुनर्लेखनात ते शस्त्र नाहीसे झाले. हॅना ग्रुएन ही घर सांभाळणारी बाई जुन्या पुस्तकांत हुकूम ऐकणारी नोकर आहे, तर नव्यांत ती आईविना वाढलेल्या मुलीची जवळजवळ आईच झाली आहे. हा बदल मला मनापासून आवडतो.

पुनर्लेखनाचे एक कारण अधिक गंभीर होते. मूळ पुस्तकांत कृष्णवर्णीय, ज्यू आणि परदेशी माणसे वारंवार हीन किंवा हास्यास्पद रंगवली आहेत. पहिल्याच पुस्तकातील तळ्याकाठच्या घराचा कृष्णवर्णीय राखणदार दारुडा दाखवला आहे आणि त्याची बोलीही थट्टेसाठी वाकवली आहे. नव्या आवृत्तीत हे सारे काढून टाकले, मात्र ते काढताना अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय माणसेच पुस्तकांतून दिसेनाशी झाली. म्हणून माझा सल्ला असा की मुलांनी आधी सुधारलेली आवृत्ती वाचावी. मोठ्यांना उत्सुकता असेल तर त्यांनी मूळ वाचावी, आणि मूळ आवृत्ती मुलाच्या हाती द्यायची असेल तर त्या प्रकरणाच्या वेळी शेजारी बसावे.

या बाबतीत आपल्याला एक पुस्तक विशेष जवळचे आहे. 'द मिस्टरी ऑफ द आयव्हरी चार्म' हे १९३६ चे तेरावे पुस्तक. त्यात वन्यप्राण्यांच्या खेळासोबत फिरणारा, छळ सोसणारा एक हिंदुस्थानी मुलगा नॅन्सीला भेटतो. मूळ आवृत्तीत त्याचे नाव कोया आहे आणि १९७४ च्या आवृत्तीत ते ऋषी झाले. हस्तिदंती ताईत, हत्ती आणि गूढ शक्ती असा सगळा सरंजाम वाचून माझी भाची पोट धरून हसली आणि मग एकदम गप्प झाली. "म्हणजे बाकीच्या पुस्तकांमध्ये जे दुसऱ्या देशांबद्दल लिहिलंय, तेही असंच असेल?" असे तिने विचारले. हे पुस्तक मालिकेच्या मध्यावर कुठेतरी वाचायला द्यावे. फार आधी दिले तर मूल केवळ हसते.

कोणत्या क्रमाने

मूळ पुठ्ठाबांधणीची मालिका १९३० ते १९७९ या काळातील छप्पन्न पुस्तकांची आहे. सगळी ओळीने वाचण्याची गरज नाही, कारण नॅन्सी कधी मोठी होत नाही आणि एका पुस्तकातील घटनांचे ओझे पुढच्या पुस्तकावर पडत नाही. पहिले आणि दुसरे मात्र क्रमाने वाचावे. त्यानंतर पाचवे घ्यावे, कारण बेस आणि जॉर्ज या दोन चुलत-मावस नात्यातल्या मैत्रिणी तिथे पहिल्यांदा येतात. त्याआधी नॅन्सीची मैत्रीण हेलन कॉर्निंग असते. जॉर्ज ही मुलगी आहे, हे नव्या वाचकाला आधीच सांगून ठेवावे. पाचव्या पुस्तकाचे मूळ शीर्षक 'द सीक्रेट अ‍ॅट शॅडो रँच' असे होते आणि १९६५ च्या पुनर्लेखनात कथानकासह त्यातले 'अ‍ॅट' जाऊन 'ऑफ' आले, त्यामुळे दुकानात शीर्षकावरूनही आवृत्तीचा अंदाज येतो. सातव्या पुस्तकात नेड निकर्सन हा मित्र येतो. कथेत त्याचे काम फारसे नसते आणि तो आला तरी तपास नॅन्सीच करते, ही या मालिकेची मोठी जमेची बाजू आहे. नववे पुस्तक या तिघी मैत्रिणींच्या नात्यात आलेल्या तणावासाठी वाचावे. तेवढे झाल्यावर हाती येईल ते.

छप्पन्नच्या पुढची पुस्तके दुसऱ्या प्रकाशकाकडून कागदी बांधणीत आली आणि ती १७५ पर्यंत गेली. १९८६ पासून मोठ्या मुलांसाठी निराळी उपमालिकाही निघाली, तिच्यात खून आणि प्रेमप्रकरणे आहेत. कण्यावर नॅन्सीचे नाव आहे एवढ्यावर ती लहान मुलाला आणून देऊ नये.

वही, आणि थांबण्याची जागा

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येते. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी, पान मधोमध दुमडून दोन रकाने करावेत. या मालिकेत जवळजवळ प्रत्येक वेळी दोन रहस्ये एकदम चालतात. एक नॅन्सीला वाटेत सापडलेले असते आणि दुसरे वडिलांच्या वकिलीतून किंवा एखाद्या ओळखीच्या बाईच्या अडचणीतून आलेले असते. सुरुवातीला त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही. एका रकान्यात पहिल्या रहस्यातल्या व्यक्ती, वस्तू आणि ठिकाणे लिहावीत, दुसऱ्यात दुसऱ्याच्या. मग दर दोन प्रकरणांनंतर दोन्ही रकाने समोरासमोर ठेवून पाहावे, की कोणते नाव, कोणती मोटार, कोणता पत्ता दोन्हीकडे येऊ शकेल. दोन धागे कुठे गाठले जाणार हे वाचकाला नॅन्सीच्या आधी उमगले, की तो आनंद चोराचे नाव कळण्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. चोर कोण हे तर इथे बऱ्याचदा पहिल्या एकतृतीयांश भागातच जाणवते, कारण लेखकाने त्याला उर्मट केलेले असते. उर्मट माणूस बहुधा दोषी, हा या जगाचा नियम आहे, आणि तो नियम कोणत्या पुस्तकात मोडतो ते शोधून वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवावे.

माझ्या भाचीच्या वहीतले एक पान असे आहे. डाव्या रकान्यात 'लिलावातले टेबल, तुटलेला खण, लंगडणारा माणूस' आणि उजव्या रकान्यात 'बाबांचा अशील, हरवलेली कागदपत्रे, हिरवी गाडी'. लंगडणाऱ्या माणसाभोवती पेन्सिलीने गोल काढला आहे, त्यातून निघालेला बाण हिरव्या गाडीपर्यंत नेला आहे, आणि बाणावर लिहिले आहे, 'गाडी चालवताना पाय दुखत नाही का?' दोन प्रकरणांनंतर त्याच बाणावर फुली मारली आहे. चुकलेल्या तर्कांवर खोडरबर फिरवू देऊ नये. फुली राहू द्यावी, म्हणजे लेखकाने कुठे चकवले ते नंतर पाहता येते.

थांबण्याची जागा हा रात्री मुलांना झोपवणाऱ्या प्रत्येक घरातला कळीचा प्रश्न आहे. या पुस्तकांचे प्रत्येक प्रकरण मुद्दाम अडचणीच्या क्षणी संपवलेले असते. दार बाहेरून बंद होते, दिवा विझतो, पायाखालची फळी निसटते. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात त्यातले अर्धे संकट हवेत विरते, कारण ते वाचकाला पान उलटायला लावण्यापुरतेच होते. "हे प्रकरण संपलं की झोप" असे सांगणारे आईवडील म्हणूनच दर रात्री हरतात. प्रकरण संपण्याच्या दोन पाने आधी, जिथे नॅन्सी जेवत असते किंवा मोटारीतून चाललेली असते, तिथे खूण घालावी. दुसऱ्या दिवशी ती दोन पाने आणि पुढच्या प्रकरणाची सुरुवात सलग वाचली जाते, आणि संकट कसे उभे केले आणि कसे आवरले, हे एका दमात दिसते. वेग आवरण्याची दुसरी जागा मध्यावर आहे. वीस प्रकरणांच्या पुस्तकात दहावे झाले की पुस्तक एक दिवस कपाटात ठेवावे आणि आपला निकाल वहीत लिहून, तारीख घालून, सही करावी. तेराव्या-चौदाव्या प्रकरणापासून मात्र थांबवू नये. तिथे पुस्तक पळू लागते आणि त्याबरोबर पळण्यातच मजा असते.

शीर्षकाकडेही लक्ष द्यावे. जुने घड्याळ, लपलेला जिना, पोकळ ओक वृक्ष अशी शीर्षके नॅन्सीला जे पुढे सापडणार ते वाचकाला वेष्टनावरच सांगून टाकतात. त्यामुळे काय सापडणार हा प्रश्न उरत नाही, कुठे आणि कसे सापडणार एवढाच उरतो. वाचकाला नायिकेपेक्षा एक गोष्ट जास्त माहीत असणे आणि तरीही उत्सुकता टिकणे, ही कारागिरी आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांना भाषेची अडचण येते, पण वाटते तेवढी नाही. वाक्ये छोटी असतात आणि तेच तेच शब्द परत येतात. स्लूथ म्हणजे गुप्तहेर, चम म्हणजे जिवलग मैत्रीण, रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची दोन माणसांची मोटार, विल म्हणजे मृत्युपत्र, अ‍ॅटिक म्हणजे माळा आणि सेलर म्हणजे तळघर, एवढे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले की पहिली तीन प्रकरणे सुखाने पार पडतात. शब्दकोश दर ओळीला उघडू देऊ नये; एका पानावर पाचांहून अधिक शब्द अडत असतील तर ते पुस्तक सहा महिन्यांनी द्यावे.

लपलेला जिना ही कल्पना मुलांना परकी वाटली, तर पुण्यात तिच्यावर उपाय सोपा आहे. आमच्या आजोळच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात भिंतीच्या जाडीतच बसवलेला एक जिना होता. दोन हातांचे कोपर दोन्हीकडे घासतील एवढाच अरुंद, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, आणि वर आडवे लाकडी दार, जे खाली पाडले की माळ्यावर जिना आहे याचा पत्ताच लागत नसे. धान्याचा वास, वरून सांडणारी एकच उजेडाची पट्टी आणि खालून आजीची हाक. वाडा आता राहिला नाही, तिथे सहा मजली इमारत आहे. पण जुन्या पेठांतून अजून उभ्या असलेल्या वाड्यांपैकी एखादा मुलांना दाखवता आला, किंवा निदान १८०७ च्या सुमाराचा विश्रामबागवाडा बाहेरून निरखून त्याच्या भिंती किती जाड आहेत याचा अंदाज घेता आला, तर दुसरे पुस्तक हाती देण्याआधी ते जरूर करावे. जाड भिंत एकदा पाहिली की तिच्या आत काय मावेल, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते.

शेजारी फास्टर फेणे ठेवावा

नॅन्सीचे रिव्हर हाइट्स हे गाव कोणत्याही नकाशावर नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मात्र फुरसुंगीचा आहे आणि पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो. नॅन्सीची दोन पुस्तके झाल्यावर मध्ये एक फास्टर फेणे वाचावा आणि दोघांची साधने वहीत मांडावीत. तिच्याकडे मोटार, वकील वडील आणि हवा तेवढा मोकळा वेळ आहे. त्याच्याकडे सायकल, वसतिगृहाचे नियम आणि तोंडातून निघणारा 'टॉक्' आहे. ती पैशाचा विचार न करता दुसऱ्या गावी मुक्कामाला जाते, त्याला आधी परवानगी मिळवावी लागते किंवा ती चुकवावी लागते. परवानगीच्या या कटकटीमुळे फेण्याच्या गोष्टीत जो ताण आपोआप येतो, तो नॅन्सीच्या गोष्टीत आणण्यासाठी लेखकाला दारे बाहेरून बंद करावी लागतात. माझी आवड विचाराल तर विनोदात फेणे पुढे आहे आणि धाग्यांच्या गाठीत नॅन्सी. भाचीचे मत दर महिन्याला बदलते.

फेण्याच्या कथांतली पुण्यातली ठिकाणे मुलांना नकाशावर सापडतात, आणि मग ती नॅन्सीसाठीही नकाशा काढू लागतात. काढू द्यावा. तळे कुठे, वकिलाचे कार्यालय कुठे, मोटारीने किती वेळ लागतो, हे पुस्तकात जागोजागी सांगितलेले असते, आणि कागदावर मांडले की एखादा प्रवास अशक्य असल्याचेही उघडकीला येते. कारखान्यातून घाईने निघालेल्या मालात असे टाके सुटतातच. ते सापडल्याचा आनंद मोठा असतो.

पुस्तक वाचून झाले की ते घरात साठवून ठेवू नये, या मताची मी आहे, कारण ही पुस्तके हातोहात फिरण्यासाठीच जन्मली. निळ्या शाईचे ते पुस्तकही आम्ही शेजारच्या एका मुलीला दिले. देण्यापूर्वी भाचीने पहिल्या पानावरच्या त्या नावावर वहीच्या कागदाची पट्टी डकवली, फक्त वरच्या कडेला खळ लावून, म्हणजे ती उचलता यावी. पट्टीवर तिने लिहिले: 'दहाव्या प्रकरणानंतर स्वतःचा निकाल खाली लिहा, मगच उचला.' आणि खाली, मुद्दाम, दोन रेघांपुरती जागा सोडली.